टेस्लाच्या चावीचं गुपित दोन सेकंदांच्या आत फुटलं होतं! बटण सेलवर चालणाऱ्या यंत्रांना पक्कं कुलूप लावतात तरी कसं?

गोष्ट २०१८ सालच्या सप्टेंबरमधली. बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रात्यक्षिक जगासमोर मांडलं. गाडी होती टेस्ला मॉडेल एस. काच फोडली नाही, कुलूप तोडलं नाही, मालकाच्या खिशातली चावीही कुणी काढून घेतली नाही. तरी गाडी उघडली आणि सुरूही झाली.

हे केलं कसं? पार्किंगमध्ये उभी असलेली गाडी आपला ओळख क्रमांक रेडिओ लहरींवरून सतत सांगत असते. संशोधकांनी आधी तो टिपला. मग ते मालकाच्या जवळ गेले आणि त्याच्या खिशातल्या रिमोट चावीला तोच क्रमांक ऐकवला. चावीला वाटलं, आपली गाडीच बोलतेय. तिला दोन प्रश्न विचारले गेले आणि तिने इमानदारीत दोन उत्तरं दिली.

ती दोन उत्तरं एका भल्यामोठ्या तक्त्याशी ताडून पाहिली. जवळपास ६ टेराबाइटचा हा तक्ता त्यांनी आधीच तयार करून हार्ड डिस्कवर ठेवला होता. १.६ सेकंदांत चावीतला गुप्त क्रमांक हातात आला. त्यानंतर संशोधकांच्या हातातला डबा हीच गाडीची दुसरी चावी. सगळ्या सामानाचा खर्च साधारण ६०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने ४३ हजार रुपयांच्या आसपास.

संशोधकांनी ही त्रुटी टेस्लाला वर्षभर आधीच कळवली होती. कंपनीने त्यांना १० हजार डॉलरचं बक्षीस दिलं, नव्या चाव्या आणल्या आणि गाडी चालू करण्याआधी पिन टाकण्याची सोयही दिली.

पण मूळ प्रश्न उरतोच. एवढ्या महागड्या गाडीच्या चावीला इतकं तकलादू कुलूप का होतं? त्याचं उत्तर चावीच्या आत असलेल्या एका छोट्याशा बटण सेलपासून सुरू होतं. आणि ते फक्त गाडीपुरतं नाही. हातातला फिटनेस बँड, दंडावर चिकटवलेला शुगरचा सेन्सर आणि छातीत बसवलेला पेसमेकर, या सगळ्यांची अडचण तीच आहे.

४० बिटचं कुलूप म्हणजे काय?

वायरलेस यंत्रं एकमेकांशी बोलतात ते उघड्या हवेत. आसपासचं कुणीही ते ऐकू शकतं. म्हणून निरोप गुप्त भाषेत बदलून पाठवतात. यालाच एन्क्रिप्शन म्हणतात. निरोप बदलण्याची पद्धत एक असते आणि त्यात वापरला जाणारा गुप्त क्रमांक, म्हणजे 'की', वेगळा असतो. चांगल्या पद्धतीत पद्धत सगळ्या जगाला माहीत असली तरी चालते, फक्त 'की' गुप्त राहिली पाहिजे.

या 'की'ची लांबी बिटमध्ये मोजतात. एक बिट वाढला की शक्य असलेल्या किल्ल्यांची संख्या दुप्पट होते. टेस्लाच्या त्या जुन्या चावीत डीएसटी४० नावाची पद्धत होती आणि तिची 'की' ४० बिटची होती. म्हणजे शक्यता साधारण १ लाख १० हजार कोटी. आकडा मोठा वाटतो, पण आजच्या संगणकाला तो मोठा नाही. १२८ बिटची 'की' असेल तर शक्यता होतात ३४ वर ३७ शून्यं. तेवढ्यांचा तक्ता करायला पृथ्वीवरच्या सगळ्या हार्ड डिस्कही पुरणार नाहीत.

गंमत म्हणजे डीएसटी४० फुटली होती ती फार आधी, २००५ मध्ये. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने ही पद्धत गुप्त ठेवली होती. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या आणि आरएसए लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी ती बाहेरून अभ्यास करून शोधून काढली. त्यांनी तिच्या जोरावर एक फोर्ड गाडी सुरू करून दाखवली आणि त्याच पद्धतीचा टॅग वापरणाऱ्या पंपावर पेट्रोलही भरून घेतलं. तरीही १३ वर्षांनी तीच पद्धत एका आलिशान गाडीच्या चावीत सापडली.

सेल छोटा, म्हणून कुलूपही छोटं

रिमोट चावीत किंवा छोट्या सेन्सरमध्ये बहुतेकदा सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल असतो. त्याची क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. आपल्या मोबाईलच्या ५,००० च्या बॅटरीत याच्या जवळपास तीसपट ऊर्जा असते, तरी मोबाईल रोज चार्जिंगला लावावा लागतो. या सेलने मात्र दोन वर्षं चालावं अशी अपेक्षा असते. गणित केलं तर यंत्राच्या वाट्याला सरासरी साडेबारा मायक्रोअँपिअर येतात. एक मायक्रोअँपिअर म्हणजे अँपिअरचा दहा लाखावा भाग.

त्यामुळे असं यंत्र आयुष्यातला बहुतेक वेळ झोपलेलं असतं. क्षणभर जागं होतं, मोजमाप करतं, निरोप पाठवतं आणि पुन्हा झोपतं. जागं राहण्याचा प्रत्येक क्षण त्याला महाग पडतो.

दुसरी मर्यादा जागेची. चिपवरची जागा म्हणजे पैसा. काही रुपयांत विकायच्या टॅगमध्ये प्रत्येक लॉजिक गेटचा हिशोब होतो. या दोन्ही काटकसरींमुळे कित्येक वर्षं एकच उत्तर ठरलेलं होतं. छोट्या यंत्राला छोटं कुलूप लावा, नाहीतर लावूच नका.

ही काटकसर हृदयापर्यंत पोचली तेव्हा

२००८ मध्ये अमेरिकेतल्या काही विद्यापीठांच्या संशोधकांनी आणि डॉक्टरांनी मिळून हृदयाचे ठोके बिघडल्यास विजेचा झटका देणारं एक यंत्र तपासलं. असं यंत्र छातीत त्वचेखाली बसवतात आणि डॉक्टर त्याच्याशी रेडिओवरून बोलतात. प्रयोग कुठल्याही रुग्णावर झाला नाही, टेबलावर ठेवलेल्या यंत्रावर काही सेंटिमीटर अंतरावरून झाला.

निष्कर्ष अंगावर काटा आणणारे होते. यंत्रातली रुग्णाची माहिती उघड वाचता आली. उपचाराच्या सेटिंग बदलता आल्या. झटका द्यायचा हुकूमही देता आला. आणखी एक गोष्ट समोर आली. यंत्राला सतत बोलतं ठेवलं तर त्याची बॅटरी विनाकारण संपवता येते. ही बॅटरी बदलायची म्हणजे शस्त्रक्रिया.

इथे एक पेच आहे. सुरक्षा वाढवायची तर यंत्राने समोरच्याची ओळख तपासली पाहिजे. पण तपासायला वीज लागते. म्हणजे खोट्या ओळखी पुढे करूनच कुणी बॅटरी रिकामी करू शकेल.

त्याच संशोधकांनी यावर एक सुंदर तोडगा सुचवला. जो बोलायला येतो त्याच्याच रेडिओ लहरींमधून वीज घ्यायची आणि त्या विजेवर ओळख तपासायची. ओळख पटली तरच आतल्या बॅटरीला हात लावायचा. म्हणजे दारावरची बेल वाजवणाऱ्यानेच बेलचं बिल भरायचं. त्यांनी हे सर्किट बनवून, मांसाच्या थराखाली ठेवून चालवूनही दाखवलं.

ही भीती नुसती कागदावरची नव्हती. अमेरिकेचे माजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी यांनी २०१३ मध्ये सांगितलं की २००७ मध्ये त्यांच्या हृदयातल्या यंत्राची वायरलेस सोय डॉक्टरांनी मुद्दाम बंद करून ठेवली होती. ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, तिथल्या सुमारे ४ लाख ६५ हजार पेसमेकरसाठी सुरक्षा अपडेट जाहीर केलं. रुग्णांनी दवाखान्यात जायचं आणि तीनेक मिनिटांत अपडेट करून घ्यायचं. या त्रुटीमुळे कुणा रुग्णाला इजा झाल्याची नोंद तेव्हा नव्हती आणि पेसमेकर काढून टाकण्याचा सल्लाही दिला गेला नव्हता.

हाताने लिहायचं की शिक्का मारायचा?

मग कमी विजेत पक्कं कुलूप बसवायचं कसं? उत्तर आहे, एन्क्रिप्शनचं काम सॉफ्टवेअरकडून काढून थेट चिपच्या सर्किटमध्ये कोरायचं.

एखाद्या सरकारी कचेरीची कल्पना करा. कारकुनाला रोज हजार कागदांवर तोच मजकूर लिहायचा आहे. तो प्रत्येक वेळी नियमाचं पुस्तक उघडेल, ओळ वाचेल, लिहील, पुढची ओळ वाचेल. सॉफ्टवेअर असंच चालतं. प्रोसेसर मेमरीतून एकेक सूचना आणतो, समजून घेतो, पाळतो, निकाल परत ठेवतो. खऱ्या गणितापेक्षा या ये-जा करण्यातच जास्त वीज जाते. हार्डवेअर म्हणजे त्याच मजकुराचा बनवून घेतलेला शिक्का. एकदा बनवला की ठप्पा मारायचा आणि मोकळं व्हायचं.

एईएस ही जगात सर्वाधिक वापरली जाणारी एन्क्रिप्शन पद्धत घ्या. बेल्जियमच्याच योआन डामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी ती बनवली आणि २००१ मध्ये ती अमेरिकेचं अधिकृत मानक झाली. १२८ बिटच्या 'की'ने १६ बाइटचा तुकडा बदलायला ती दहा फेऱ्या घेते. छोट्या ८ बिटच्या प्रोसेसरवर सॉफ्टवेअरने हे काम करायला घड्याळाचे हजारो ठोके लागतात. ऐसपैस बांधलेलं हार्डवेअर तेच काम दहा-बारा ठोक्यांत उरकतं. जागा वाचवण्यासाठी आकसून बांधलं तर काही शेकडा ठोके लागतात. काम लवकर संपलं की प्रोसेसर लवकर झोपतो आणि सेल वाचतो.

म्हणूनच कमी विजेवर चालणाऱ्या ब्लूटूथच्या चिपमध्ये एईएसचं सर्किट बहुतेकदा आतच बसवलेलं असतं. हिशोब इतका स्वस्त झाला की आता खर्चिक गोष्ट उरते ती रेडिओ. निरोप अस्सल आहे हे पटवायला शेवटी काही बाइटची खूण जोडावी लागते आणि ते जादाचे बाइट हवेत पाठवण्यावरच वीज जास्त जाते. त्यामुळे या ब्लूटूथमध्ये ती खूण फक्त ४ बाइटची ठेवली आहे.

पण शिक्क्याची एक खोड आहे. तो एकदा बनला की त्यातलं अक्षर बदलता येत नाही. सॉफ्टवेअर अपडेट करता येतं, सिलिकॉनमध्ये कोरलेलं सर्किट नाही. पद्धत चुकीची निवडली तर ती चूक चिपसोबत वर्षानुवर्षं खिशात फिरते. डीएसटी४० चं नेमकं हेच झालं. म्हणून चिपमध्ये कोरायची पद्धत आधी सगळ्या जगाला दाखवून, तिच्यावर हल्ले करवून घेऊन मगच निवडावी लागते.

५७ पद्धतींची कुस्ती आणि अ‍ॅस्कॉनचा विजय

एईएस उत्तम आहे, पण अगदी छोट्या चिपसाठी तिचं सर्किटही जड पडतं. तिची सगळ्यात लहान रचना २०११ मध्ये साधारण २,४०० गेटपर्यंत आली. त्याआधी २००७ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी प्रेझेंट नावाची पद्धत आणली होती. ८० बिटच्या 'की'साठी तिला १,५७० गेट पुरायचे.

मग अमेरिकेची मानकं ठरवणाऱ्या निस्ट या संस्थेने छोट्या यंत्रांसाठी खास पद्धत निवडायला खुली स्पर्धा लावली. २०१९ पर्यंत ५७ प्रवेशिका आल्या. जगभरच्या तज्ज्ञांनी एकमेकांच्या पद्धती फोडायचा प्रयत्न केला. २०२१ मध्ये दहा उरल्या आणि ७ फेब्रुवारी २०२३ ला विजेती जाहीर झाली, अ‍ॅस्कॉन. ऑस्ट्रियातल्या ग्राझ तंत्रज्ञान विद्यापीठाशी जोडलेल्या ख्रिस्तोफ डोब्राउनिग, मारिया आइखलसेडर, फ्लोरियान मेंडेल आणि मार्टिन श्लेफर यांची ही पद्धत २०१४ पासून लोकांसमोर होती. ऑगस्ट २०२५ मध्ये तिचं अंतिम मानक प्रसिद्ध झालं.

अ‍ॅस्कॉनचं काम कणीक मळण्यासारखं आहे. ३२० बिटचा एक गोळा असतो. त्यात १२८ बिटची 'की' आणि दर वेळी बदलणारा एक क्रमांक घालून तो बारा फेऱ्या मळतात. मग निरोपाचा एकेक तुकडा त्यात मिसळतात. मिसळताना बाहेर येतो तो गुप्त भाषेतला मजकूर. दोन तुकड्यांमध्ये गोळा पुन्हा आठ फेऱ्या मळला जातो. शेवटी बारा फेऱ्या मळून गोळ्याचा एक भाग काढून घेतात. हीच निरोपाच्या अस्सलपणाची खूण. वाटेत कुणी एक बिट जरी बदलला तरी ही खूण जुळत नाही आणि यंत्र तो निरोप फेकून देतं.

म्हणजे निरोप लपवणं आणि तो अस्सल आहे हे पटवणं, दोन्ही कामं एकाच सर्किटमध्ये होतात. शिवाय मळण्याची क्रिया मोजक्या, साध्या गेट्सवर चालते. या साधेपणाचा एक मोठा फायदा आहे आणि तो कळायला बल्बची गोष्ट ऐकावी लागेल.

कुलूप पक्कं, पण सगळ्या दारांना एकच किल्ली

२०१६ मध्ये इस्रायल आणि कॅनडातल्या संशोधकांनी फिलिप्स ह्यू या स्मार्ट बल्बचा अभ्यास केला. आरएसए पद्धतीतला 'एस' म्हणून ओळखले जाणारे आदी शमीर त्यात होते. या बल्बमध्ये पद्धत एईएसच होती, म्हणजे कुलूप पक्कं. बल्बला नवं सॉफ्टवेअर द्यायचं तर ते योग्य 'की'ने बंद केलेलंच असायला हवं, अशी सोयही होती.

संशोधकांनी कुलपाला हातच लावला नाही. त्यांनी चिप हिशोब करत असताना ती किती वीज खाते हे बारकाईने मोजलं. आत कुठला आकडा हाताळला जातोय त्यानुसार विजेचा वापर किंचित बदलतो. असे पुष्कळ नमुने घेऊन त्यांनी 'की' शोधून काढली. दाराआड कोण चालतंय हे पावलांच्या आवाजावरून ओळखावं तसं.

आणि ती 'की' त्या प्रकारच्या सगळ्या बल्बमध्ये एकच होती. एक बल्ब फोडला आणि सगळे फुटले. त्यांनी ड्रोन उडवून ३५० मीटर अंतरावरून एका इमारतीतले बल्ब ताब्यात घेऊन दाखवले. पॅरिससारख्या शहरात असे १५ हजार बल्ब पसरलेले असतील, तर एका बल्बमधून दुसऱ्यात अशी लागण शहरभर होऊ शकते, असा त्यांचा हिशोब होता. फिलिप्सने संशोधन प्रसिद्ध होण्याआधीच दुरुस्ती केली.

म्हणून चांगल्या हार्डवेअरकडून आता दोन गोष्टींची अपेक्षा असते. हिशोब करताना विजेच्या चढउतारातून गुपित फुटू नये आणि प्रत्येक यंत्राची 'की' वेगळी असावी. विजेची ही गळती झाकण्यासाठी सर्किटला जास्तीचं आवरण द्यावं लागतं. सर्किट जितकं साधं, तितकं ते आवरण स्वस्त. अ‍ॅस्कॉनच्या साधेपणाचा फायदा तो हाच.

एन्क्रिप्शन काय करू शकत नाही?

टेस्लाच्या गोष्टीचा पुढचा भागही बोलका आहे. नव्या चाव्यांमध्ये ८० बिटची 'की' आली. पण २०१९ मध्ये त्याच विद्यापीठाच्या संशोधकांना दिसलं की ती ४०-४० बिटच्या दोन तुकड्यांत वेगवेगळी शोधता येते. दुप्पट लांबीची 'की' अब्जावधी पटींनी अवघड व्हायला हवी होती, ती फक्त दुप्पट अवघड झाली. या वेळी मात्र सॉफ्टवेअर अपडेटने दुरुस्ती करता आली.

दुसरी मर्यादा म्हणजे नुसता निरोप पुढे पोचवण्याची चलाखी. एक माणूस गाडीजवळ आणि दुसरा घराच्या दाराशी उभा राहतो. आतल्या चावीचा सिग्नल ते जसाच्या तसा गाडीपर्यंत पोचवतात. इथे एन्क्रिप्शन कितीही पक्कं असलं तरी उपयोग नाही, कारण कुणी ते फोडतच नाही. यावर उपाय म्हणून नव्या काही चाव्या अल्ट्रा-वाइडबँड रेडिओ वापरून सिग्नलला लागलेला वेळ मोजतात. रेडिओ लहर एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जाते. त्यावरून चावी खरंच जवळ आहे की नाही हे कळतं.

मग आपण काय करायचं?

चिपमध्ये काय कोरलंय हे दुकानात उभं राहून आपल्याला दिसत नाही. पण काही गोष्टी आपल्या हातात आहेत.

ब्लूटूथने दोन यंत्रं जोडताना दोन्ही स्क्रीनवर सहा आकडे दिसले, तर ते खरोखर जुळतात का हे पाहूनच 'हो' म्हणा. आपली ओळख पटवण्याची तीच वेळ असते.

यंत्राचं अपडेट आलं तर टाळू नका. यंत्र घेतानाच कंपनी किती वर्षं सुरक्षा अपडेट देणार हे विचारा. जुनं स्मार्ट यंत्र विकताना किंवा घेताना ते आधी पूर्ण रीसेट करा.

बटण न दाबता उघडणारी गाडी असेल आणि तिच्यात पिनची सोय असेल तर ती चालू करा. रात्री चावी दाराजवळ टांगण्याऐवजी आत ठेवा. सिग्नल अडवणारी पाकिटंही बाजारात मिळतात.

घरात कुणाला पेसमेकर असेल तर घाबरून जाऊ नका. त्या यंत्रामुळे जीव वाचतो, ही गोष्ट कुठल्याही त्रुटीपेक्षा मोठी आहे. पुढच्या तपासणीला गेल्यावर 'याचं काही सॉफ्टवेअर अपडेट आलंय का?' एवढं डॉक्टरांना विचारा.

एकेकाळी कंपन्या म्हणायच्या, सेल छोटा आहे, मोठं कुलूप परवडत नाही. आता १२८ बिटचं कुलूप त्याच सेलवर चालतं, त्याची रचना जगासमोर खुली आहे आणि ती कुणीही वापरू शकतं. त्यामुळे यापुढे एखाद्या यंत्राचं कुलूप तकलादू निघालं, तर दोष सेलचा नसेल.